कुणाचा मिंधा नाही!

‘आजवर मी कुणाचा मिंधा राहिलो नाही,’ हे वाक्य मी गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा बोललो असेन, त्याची मोजदाद नाही. शाळेच्या निरोप समारंभात बोललो, मुलीच्या निकाहच्या दिवशी बोललो, शेजाऱ्यांशी गप्पा मारताना तर हटकून बोललो. गेल्या वर्षी हेच वाक्य बोलता बोलता मी प्लास्टिकच्या खुर्चीवरून खाली पडलो.

झालं ते असं. बैठकीच्या खोलीतली ट्यूबलाइट फडफडत होती. स्टार्टर गेला होता. शेजारचा मुलगा वायरमनचं काम करतो. तो दारातच उभा होता. ‘काका, उतरा, मी करतो ना. दोन मिनिटांचं काम आहे,’ म्हणाला. मी खुर्चीवर उभ्यानंच त्याला म्हणालो, ‘नको बाळा, तू तुझ्या कामाला जा. आपण आजवर कुणाचे...’ पुढचं वाक्य पुरं झालं नाही. खुर्चीचा एक पाय वाकला आणि माझा एक पाय मोडला. ज्याचे उपकार मला नको होते त्याच मुलानं मला उचललं, रिक्षा आणली, मांडीखाली उशी दिली आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘मिरजेला न्या’ म्हटल्यावर मिरजेपर्यंत माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. म्हणजे दोन मिनिटांचे उपकार टाळायला गेलो आणि अख्ख्या दिवसाचे घेऊन बसलो.

आमच्या भागात हाड मोडलं की माणूस मिरजेला जातो. हे गाव दवाखान्यांचं आहे. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली इथं इस्पितळ उभं केलं आणि तेव्हापासून इकडं सांगली-सातारा आणि तिकडं कर्नाटकातून रोगी इथं येत राहिले. हेच गाव सतार-तंबोऱ्यांचंही आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथं राहिले आणि इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. मला तर वाटतं, मिरजेत दोनच जातीचे कारागीर आहेत. एक भोपळ्याला खुंट्या बसवतात, दुसरे हाडाला. फरक इतकाच की भोपळा सुकवून घेतात. माणसाला ओलाच घेतात.

मला ज्या दवाखान्यात नेलं (तो वॉन्लेससाहेबांचा नव्हे, दुसराच) तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मांडीचं हाड खुब्याच्या जरा खाली मोडलं होतं. आत रॉड घालून स्क्रू मारायचे ठरले. ‘स्टीलचा घालू की टायटॅनियमचा?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला भांड्यांच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटलं. मुलगा म्हणाला, ‘अब्बा, टायटॅनियमच घालू.’ सहासष्टाव्या वर्षी माझी किंमत घरात एवढी वाढेल असं वाटलं नव्हतं.

पाठीच्या मणक्यात इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचा मी निघून गेलो. डोळे उघडे, कान उघडे, पण पाय माझा नाही. हिरव्या पडद्यापलीकडून ड्रिलचा आवाज येत होता, हातोडीचे ठोके येत होते, आणि डॉक्टरमंडळी क्रिकेटवर बोलत होती. आपल्या घराचं काम चालू आहे आणि आपल्याला अंगणात बसवून ठेवलंय, तसं काहीसं. आयुष्यभर ‘माझ्या पायावर उभा आहे’ असं मी सांगत आलो. तो पाय तेव्हा एका हेल्परच्या हातात होता आणि तो त्याला धरून उभा होता.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू झाली. लघवीची नळी काढली. उठायचं नाही. कुशीवर वळायचं तेही मांड्यांमध्ये उशी ठेवून. आणि अशात पोटानं नोटीस दिली. वॉर्डातल्या मावशी भांडं घेऊन आल्या. मी डोळे मिटून घेतले. लहान मुलाला वाटतं ना, आपण डोळे मिटले की जगाला आपण दिसत नाही, तसं. मावशींनी एका हातानं मला उचललं, एका हातानं भांडं सरकवलं आणि तोंडानं पलीकडच्या कॉटवरच्या बाईंशी भाजीच्या दरावर बोलत राहिल्या. मला काय वाटत असेल याची त्यांना फिकीर नव्हती असं तेव्हा मला वाटलं. नंतर कळलं, माझी लाज झाकण्यासाठीच त्या भाजीवर बोलत होत्या.

मी उशीखालून शंभराची नोट काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी घेतली. संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार, पुन्हा नोट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशीखाली हात घातला तशा त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘मास्तर, दर वेळेला नोट काढता. जाताना द्यायचं ते द्या, मी नको म्हणणार नाही. पण आत्ता नुसतं बरं वाटलं म्हणा की!’

मी ‘बरं वाटलं’ म्हणालो. खरं सांगतो, शंभर रुपये देणं त्या दोन शब्दांपेक्षा सोपं होतं. नोट दिली की हिशोब मिटला. तुम्ही कोण, मी कोण? ‘बरं वाटलं’ म्हटलं की हिशोब उघडाच राहतो. मावशींच्या पगारात भांडं उचलण्याचे पैसे असतील. भाजीच्या दराचे नव्हते.

दवाखान्यात रोग्याला तीन त्रास असतात. दुखणं, जेवण आणि भेटायला येणारी माणसं. आजाऱ्याच्या भेटीला जाणं आपल्याकडं पुण्याचं काम मानलेलं आहे. भेट थोडक्यात आटपावी, असंही जाणती माणसं सांगत आली आहेत. पण पुण्याचा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, थोडक्यात आटपायचा भाग स्टँडवर उतरल्यावर विसरतो. माझ्या एका साडूंनी कॉटच्या पायथ्याशी बसून, असंच हाड मोडलेल्या किती जणांचा पाय आखूड राहिला, त्यांची यादी नावानिशी सांगितली. एका मावसभावानं रॉड सरकल्याची हकिकत सांगितली. आणि प्रत्येक घरातून एकेक डबा आला. डब्यात काय, तर पाया! पायाला पाया, असा आमच्या नातेवाइकांचा वैद्यकशास्त्रातला सिद्धांत. चार दिवसांत मी इतक्या बकऱ्यांचे पाय प्यालो की डॉक्टरांनी पाचव्या दिवशी मला उभं केलं तेव्हा मी चार पायांवर चालेन की काय अशी भीती वाटली.

शेजारच्या कॉटवर जतकडचे एक अप्पा होते. गळ्यात तुळशीची माळ. बैलानं ढकलून नडगी मोडलेली. पायाच्या सूपाचा पहिला डबा उघडला तेव्हा अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. बेगमच्या लक्षात आलं, तिनं घाईनं झाकण लावलं आणि ‘अप्पा, चुकलं, बाहेर नेते,’ म्हणाली. अप्पा तिकडूनच म्हणाले, ‘राहू द्या हो वहिनी. पाय तुमचा हाय, नाक माझं. पाय लवकर बरा झाला की नाकबी सुटंल.’ पुढं आम्ही डबा उघडायचा आधी अप्पांना सांगू लागलो आणि अप्पा तेवढा वेळ तोंडावर उपरणं घेऊन हरिपाठ म्हणू लागले. दोघांचीही सोय झाली.

अप्पांना हक्कानं मागायची सवय होती. ‘ए पोरा, पाणी दे.’ ‘बाई, जरा पंखा वाढीव.’ ‘मास्तरांच्या सूनबाई, तेवढं माझं धोतर वाळत टाक.’ कुणाचीही सून, कुणाचाही पोरगा. मला प्रथम ते आगाऊपणाचं वाटलं. एके रात्री झोप येत नव्हती म्हणून मी त्यांना विचारलंच, ‘अप्पा, सारखं दुसऱ्याला काम सांगताना तुम्हाला काही वाटत नाही?’ म्हणाले, ‘काय वाटायचंय? माणूस जन्मतोच तीन ऋणं डोक्यावर घिऊन. देवाचं, ऋषींचं, बापजाद्यांचं. तिथं पाण्याच्या तांब्यानं अशी काय भर पडंल?’ आणि घोरायला लागले. मी मात्र जागा राहिलो.

माझ्या ‘मिंधा नाही’ला एक जन्मकथा आहे. ती सांगितल्याशिवाय माझ्यावर अन्याय होईल. आजोबा वारले तेव्हा घरात कफनालाही पैसे नव्हते. वडिलांनी गावातल्या एका बड्या असामीकडून पैसे घेतले. त्या पैशांपोटी ते दोन वर्षं त्यांच्याकडं सालगडी म्हणून राबले. पैसे फिटले, पण बोलणं फिटलं नाही. ‘याच्या बापाला माती आम्ही दिली,’ असं तो माणूस चारचौघांत माझ्या वडिलांदेखत म्हणायचा. वडील मान खाली घालायचे. म्हणून त्यांनी मला शिकवलं, ‘उपाशी झोप, पण कुणाचा मिंधा राहू नको.’ त्यांचं खोटं नव्हतं. असे उपकार असतात की ज्यांच्या पोटात गळ असतो. सावकाराचे असतात, निवडणुकीतल्या पुढाऱ्याचे असतात. घेणाऱ्याच्या ओठात तो अडकतो आणि दोरी देणाऱ्याच्या हातात राहते. अशा उपकारापासून लांब राहणं हा शहाणपणाच आहे.

पण मी काय केलं? मी सगळेच उपकार त्या एका माणसाच्या तराजूत तोलले. शेजारच्या पोराची दोन मिनिटंही. आणि दुसरी गोष्ट केली, जी मला दवाखान्यात पडल्यावर दिसली.

माझे एक जुने मित्र आहेत, शाळेतले सहकारी. त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीच्या डी.एड.च्या फीला काही रक्कम कमी पडली. मी दिली. त्यांनी ती वर्षाच्या आत परत केली. त्यानंतर सुगीला ते शेंगांचं पोतं घेऊन आले. मी दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याकडं बेदाण्याची पेटी पाठवली, शेंगांच्या दुप्पट किमतीची. ते आंबे घेऊन आले, मी कपडे पाठवले. माझ्या मुलीच्या निकाहला ते सकाळी सातलाच आले, बाह्या सरसावून. ‘मास्तर, वाढपाचं माझ्याकडं,’ म्हणाले. मी म्हणालो, ‘छे छे, केटरर आहे. तुम्ही पाहुण्यासारखे बसा.’ ते बसले. पाहुण्यासारखे जेवले आणि पाहुण्यासारखे गेले. मग येणं कमी झालं, पुढं जवळजवळ बंदच. मी बेगमला म्हणत असे, ‘बघ, दुनिया अशी असते. काम झालं, ओळख संपली.’

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी दुपारी हे गुरुजी आले. बेगमला मीच आंघोळीसाठी नातेवाइकांकडं पाठवलं होतं, मुलगा औषधं आणायला गेला होता, मावशी जेवायला. आणि पोटानं नेमकी तीच वेळ साधली. मी घड्याळाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, छताकडं पाहिलं. गुरुजींकडं पाहायचं टाळलं. त्यांनीच विचारलं, ‘काय हवंय?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’ पुन्हा पाच मिनिटं गेली. कपाळावर घाम आला. शेवटी माझ्या तोंडून ते शब्द निघाले, जे मी या माणसाशी वीस वर्षांत बोललो नव्हतो, ‘गुरुजी, जरा मदत करता का?’

गुरुजींनी पडदा ओढला, भांडं घेतलं आणि सफाईनं सरकवलं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षं त्यांनीच त्यांचं सगळं केलं होतं. हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. सगळं उरकल्यावर त्यांनी साबणानं हात धुतले, स्टूल ओढून बसले, संत्रं सोलायला घेतलं आणि बोलायला लागले. दोन तास बोलत होते. उठताना म्हणाले, ‘मास्तर, राग नका मानू. पण आज बऱ्याच वर्षांनी तुमच्याकडं आल्यासारखं वाटलं.’

अॅरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एका थोर मनाच्या माणसाचं वर्णन केलं आहे. या माणसाला उपकार करायला आवडतं आणि घ्यायची लाज वाटते. घेतलेल्या उपकाराची तो जास्तीची भरपाई करतो, म्हणजे समोरचाच पुन्हा देणेकरी होतो. आपण काय दिलं ते त्याच्या लक्षात राहतं, काय घेतलं ते राहत नाही. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला ते वर्णन फार आवडलं होतं. जणू माझंच होतं. गुरुजी गेल्यावर ते आठवलं आणि तेव्हाही ते माझंच वाटलं, फक्त आवडलं नाही. शेंगांवर बेदाणे पाठवणारा तो मीच. अशा थोर माणसाच्या शेजारी राहायचं कसं? त्याला काही देता येत नाही. त्याच्यापुढं फक्त घेणारा म्हणून उभं राहता येतं. माझ्या वडिलांना त्या बड्या असामीनं तोंडानं खाली बसवलं होतं. मी गुरुजींना बेदाण्यांनी बसवलं.

देणारा हात वरचा आणि घेणारा खालचा, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते भीक मागण्याची सवय लागू नये म्हणून आहे, कष्ट करून खावं म्हणून आहे. मी त्या शिकवणीचं सिंहासन केलं आणि त्यावर चढून बसलो. हात कायम वरच ठेवायचा म्हटलं तर कुणाचा तरी हात कायम खाली ठेवावा लागतो, हा साधा हिशोब गणिताच्या मास्तराला कळू नये?

आमच्या मोहल्ल्यातले मौलाना भेटायला आले तेव्हा नर्स माझी पट्टी बदलत होती आणि केसांसकट चिकटपट्टी निघाल्यामुळं मी ओरडत होतो. त्यांनी मला सब्र शिकवण्यासाठी हजरत उर्वा बिन जुबैर यांची गोष्ट सांगितली. ते मदिन्यातले मोठे आलिम. पाय सडला, कापायची वेळ आली. गुंगी आणणारं काही घ्यायला त्यांनी नकार दिला आणि पाय कापून घेतला. त्याच प्रवासात त्यांचा मुलगाही गेला. तरी त्यांनी गेलेल्याचा शोक न करता उरलेल्याचा शुक्र मानला, अशी कथा आहे. गोष्ट ऐकून मी गप्प झालो. इतका सब्र माझ्यात येणं शक्य नाही, हे मला आणि नर्सला दोघांनाही ठाऊक होतं. पण रात्री मनात आलं, एवढ्या सब्राच्या माणसालासुद्धा स्वतःचा पाय स्वतः कापता आला नसेल. करवत दुसऱ्याच्याच हातात असणार. जखम बांधणारा दुसराच असणार. घरी परत नेणारे दुसरेच असणार. त्यांचा मोठेपणा त्यानं काही कमी झालेला दिसत नाही.

हा सगळा विचार मला फार मोठा वाटला म्हणून सातव्या दिवशी मी तो बेगमला ऐकवला. ती कॉटखाली चटईवर बसून माझे धुतलेले कपडे घडी करत होती. सात रात्री तिथंच झोपली होती. गुडघे तिचेही दुखतात. मी म्हणालो, ‘आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांकडून घ्यायची वेळ आली बघ. मावशी, गुरुजी, शेजारचा पोरगा. चाळीस वर्षं कुणाचं काही घेतलं नव्हतं.’

तिनं हातातली घडी खाली ठेवली. ‘क्यों जी,’ म्हणाली, ‘मेरा हिसाब कौनसी वही में लिखे?’

अप्पा झोपले आहेत असं मला वाटत होतं. ते उपरण्याखाली हसले.

मी काय उत्तर देणार? सदतीस वर्षांचे डबे, कपडे, बाळंतपणं, माझ्या आईचं शेवटचं आजारपण. मुलांच्या परीक्षा आणि माझे पेपर तपासण्याच्या रात्रींचा चहा. यातलं काहीच मी ‘घेतलं’ या रकान्यात धरलं नव्हतं. ते घरातलंच होतं. पाण्यासारखं, येतच राहणारं. अॅरिस्टॉटलच्या त्या थोर माणसाच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं, हे कॉलेजात आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी कुणाचा मिंधा नव्हतो कारण मी वहीच अर्धी लिहिली होती.

मग प्रश्न उरतो की हे फेडायचं कसं? मला तरी वाटतं, फेडायचं म्हटलं की पुन्हा बेदाण्याच्या पेटीकडंच गाडी जाते. वडिलांच्या सावकाराचे पैसे फेडायलाच हवे होते. तिथं फेडणं हीच सुटका होती. पण मावशींचं, गुरुजींचं, बेगमचं फेडून मोकळं व्हायचं म्हणजे त्यांच्यापासून मोकळं व्हायचं. ते मला नको आहे. मग निदान घेतलं असं कबूल तरी करावं, समोरच्याला आपल्यासाठी काही करू द्यावं आणि त्याची वेळ आली की बोलावण्याची वाट पाहू नये. एवढंच मला दवाखान्यात पडून सुचलं. अंगात टायटॅनियम घालूनही यापेक्षा जास्त सुचलं नाही.

नवव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. मावशींना जाताना द्यायचं ते दिलं, त्यांनी घेतलं. ‘बरं वाटलं,’ असंही म्हणालो, या खेपेला न अडखळता. अप्पांनी हात हातात घेऊन ‘जतला या’ म्हटलं. गुरुजी परवाच शेंगा घेऊन आले होते. मी अजून काही पाठवलेलं नाही. हात शिवशिवतात, पण दम धरला आहे.

घरी आल्यावर महिन्याभरानं ट्यूबलाइटची आठवण झाली. ती तशीच फडफडत होती. शेजारच्या मुलाला मीच हाक मारली. त्यानं शिडी आणली, मी खाली बसून बॅटरी धरली. दोन मिनिटांतच काम झालं. माझा हात खिशाकडं गेला आणि मध्येच थांबला. ‘चहा घेशील ना?’ मी विचारलं. ‘घेतो की काका,’ म्हणून तो खुर्चीवर बसला. त्याच त्या खुर्चीवर, पाय सरळ केलेल्या.

मी सवयीनं आत आवाज दिला, ‘अगं, दोन कप चहा!’ आतून उत्तर आलं, ‘तीन. और कौन करेगा?’

मी वॉकर घेतला आणि स्वयंपाकघरात गेलो. साखर कुठल्या डब्यात असते, ते मला विचारावं लागलं.